वाचकांचे प्रश्न : मागच्या रांगेतला ढोल

या वेळी आलेल्या पत्रांत ढोल-ताशा पथकांविषयीची पत्रं एवढी होती, की हा संपूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. बहुतेक प्रश्न तालाचे कमी आणि माणसांचे जास्त आहेत. पथकात कोणी कुठे उभं राहायचं, ढोल कोणाच्या नावावर, तक्रार कोणाकडे न्यायची, हे आषाढात ठरलं नाही की भाद्रपदात त्यावरून भांडणं होतात. उत्तरांत म्हणून शक्य तिथे आकडे आणि कृती दिली आहे.

पथकात माझं हे दुसरं वर्ष. दोन्ही वर्षं मला शेवटच्या रांगेत उभं केलं. वर ‘तुझा ठोका मागे पडतो’ म्हणून सगळ्यांसमोर ओरडा खावा लागतो. पुढच्या रांगेत प्रमुखांचे मित्रच असतात. ठोका खरंच चुकत असेल तर सुधारायची तयारी आहे, पण तो चुकतोय हे कसं ओळखायचं?
— एक वादक, कोथरूड

तुमच्या ठोक्याबद्दल काही ठरवण्याआधी अंतर मोजा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. साठ ढोल दोन ओळींत लावले, दोन ढोलांत सव्वा मीटर अंतर ठेवलं, तर ओळ जवळपास ३७ मीटर लांब होते. ताशे सगळ्यांत पुढे असतील तर त्यांचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला ०.११ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, म्हणजे शेवटचा वादक एकपंचमांश ठोका उशिरा ऐकतो. त्याने ऐकलं तसं अगदी अचूक वाजवलं तरी त्याचा आवाज पुढे परत जायला तेवढाच वेळ लागतो. पुढे उभ्या असलेल्या ताशाप्रमुखाला तो ०.२२ सेकंद मागे ऐकू येतो. लय वाढून १८० वर गेली की दोन ठोक्यांतलं अंतर एकतृतीयांश सेकंदावर येतं आणि हाच फरक कानाला असह्य होतो.

म्हणजे मागच्या रांगेत कोणालाही उभं केलं तरी तो ‘मागे पडतो’. नवीन माणूस तिथेच उभा असतो म्हणून दोष त्याच्या हाताला चिकटतो, आणि हात कच्चा आहे म्हणून पुढच्या वर्षीही तीच जागा मिळते. पथकांमध्ये नवे-जुने असा जो कायमचा भेद पडतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खात्री करायची असेल तर सरावात दहा मिनिटं ताशाला खेटून उभं राहायची परवानगी मागा. ओळीच्या मध्यावर कोणाला तरी फोन धरून ध्वनिमुद्रण करायला सांगा. ताशाजवळ ठोका नीट बसला तर प्रश्न जागेचा आहे. तिथेही मागे पडला तर हाताचा आहे आणि त्याला उपाय आहे. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं ॲप) लावून जुन्या टायरवर टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, चालवा. आधी ८० च्या लयीवर दहा मिनिटं, मग १००, मग १२०. थापीचा (तळव्याने वाजवणारा) हात आणि टिपरूचा हात वेगवेगळे करून पाहा. बहुतेकांचा थापीचा हात आळशी असतो आणि टिपरू त्याची वाट पाहत थांबतं.

पथकाने करायची गोष्ट सोपी आहे. ताशे आणि टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) ओळीच्या मध्यावर आणा. सगळ्यांत लांबचं अंतर निम्म्यावर येतं आणि उशीर ०.०५ सेकंदाच्या आसपास राहतो, तो कानाला खटकत नाही. ताशांच्या दोन तुकड्या करून दोन टोकांना ठेवण्याची चूक मात्र करू नका. त्या दोन तुकड्यांचीच आपसांत जुळणी होत नाही. टोकाच्या वादकांनी ताशाशेजारच्या ढोलाचं टिपरू पाहून ठोका धरावा, कारण दिसायला वेळ लागत नाही. हात, म्हणजे वादनाचा ठरलेला नमुना, बदलण्याचा आणि थांबण्याचा इशाराही डोळ्यांना दिसणारा हवा: ताशाप्रमुखाची वर गेलेली काडी किंवा ध्वजाची हालचाल.

आता मित्रांचा प्रश्न. प्रमुखांना एकट्याने गाठून ‘मला पुढे घ्या’ म्हणू नका. त्याने तुम्ही हट्टी ठरता आणि काही बदलत नाही. पुढच्या रांगेचे निकष लिहून लावावेत, अशी मागणी चार-पाच जणांनी मिळून बैठकीत करा. निकष असे असू शकतात: चाळीसपैकी तीस सरावांना हजेरी, पथकात वाजणारे सगळे हात न चुकता, ताशाची तर्री (भरभर पडणारे सलग आघात) चालू असताना लय न पळवणं, थांबण्याच्या इशाऱ्यावर एकाच वेळी थांबणं, आणि ढोल कमरेला बांधून सलग चाळीस मिनिटं उभं राहण्याची ताकद. टेम्पो भरणं, पानं (ढोलाच्या तोंडावरचे पडदे) बदलणं, ढोल ताणणं या कामांचीही हजेरी मांडा. जुन्या वादकांनी ही कामं वर्षानुवर्षं केलेली असतात आणि त्यांना पुढची जागा त्याचाच मोबदला वाटते. ते काम कागदावर आलं की त्यांचाही मान राहतो आणि नव्यांना वाट दिसते. मिरवणुकीत दर चौकाला रांगा फिरवल्या तर आणखी बरं.

आमच्या पथकात यंदा दोन गट पडले आहेत. वीस-बावीस जण बाहेर पडून नवीन पथक काढणार आहेत. ‘ढोल आमच्याही घामाचे आहेत, निम्मे द्या’ असं त्यांचं म्हणणं. ढोल सुपारीच्या पैशांतून घेतलेत. वाटणी करावी का?
— एका पथकाचे खजिनदार, चिंचवड

आधी पथक कागदोपत्री काय आहे ते बघा, कारण उत्तर पूर्ण बदलतं.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, किमान सात सभासदांनी मिळून नोंदणी केलेली असेल आणि त्यासोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद असेल, तर ढोल संस्थेचे आहेत. मंडळांकडून मिळालेली सुपारी ही संस्थेची मिळकत आणि तिच्यातून आलेली वस्तू संस्थेची मालमत्ता. कोणी कितीही वर्षं वाजवलं तरी सभासदत्व सोडताना त्यातला वाटा मागता येत नाही. संपूर्ण संस्था विसर्जित करायची तर किमान तीन पंचमांश सभासदांचा ठराव लागतो, आणि तेव्हाही देणी भागवून उरलेलं सभासदांत वाटता येत नाही. ते तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जातं. अर्थात संस्थेला स्वतःहून काही ढोल नव्या पथकाला द्यायचे असतील, तर नवं पथक नोंदवलं गेल्यावर, सर्वसाधारण सभेत ठराव करून, संस्थेकडून संस्थेला ते देता येतील. वीस जणांच्या घरी वीस ढोल पाठवणं ही मात्र चूक ठरेल.

नोंदणीच नसेल तर बिल कोणाच्या नावाने आहे, पैसे कोणत्या खात्यातून गेले आणि तेव्हाच्या वहीत काय लिहिलंय, यावर सगळं येऊन थांबतं. अनेक पथकांत बिल प्रमुखाच्या नावावर, पैसे सगळ्यांचे आणि वही कुठेच नाही, अशी अवस्था असते. तिथे वकिलाकडे जाण्यापेक्षा तिऱ्हाइतासमोर बसणं शहाणपणाचं. दोन्ही गटांना मान्य असलेले दोन जण निवडा, शक्यतो ज्या मंडळांपुढे तुम्ही वाजवता तिथले ज्येष्ठ कार्यकर्ते. ढोलांची यादी करा. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेत ते आधी बाजूला काढा. उरलेल्यांची आजची किंमत धरा, खरेदीची नव्हे. पान, दोरी, कड्या यांची झीज वजा होतेच. मग ढोल किंवा त्याची रक्कम असा पर्याय ठेवा.

फूट पडायचीच असेल तर ती अनंत चतुर्दशीनंतर पडू द्या. घेतलेल्या सुपाऱ्या एकत्र पार पाडा आणि मंडळांना दोन्ही गटांच्या सहीचं एकच पत्र द्या. मंडळांना दोन्हीकडून वेगवेगळे फोन गेले की त्या मिरवणुकीत तिसरंच पथक वाजवतं, हे पुण्यात पुष्कळदा दिसतं. नाव आणि बोधचिन्ह जुन्या पथकाकडे राहू द्या. हात आणि ताल कोणाच्या मालकीचे नसतात, त्यावर भांडू नका. कार्यकारिणी बदलली असेल तर धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज ९० दिवसांत करायचा असतो. तो राहून गेला की जुनीच नावं अधिकृत राहतात आणि बँक खात्यावरून पुढचं भांडण सुरू होतं.

पुढच्यासाठी एक नोंदवही ठेवा. प्रत्येक ढोलाच्या पिंपात आतून रंगाने क्रमांक घाला. वहीत क्रमांक, खरेदीची तारीख, बिल क्रमांक, कोणाच्या पैशांतून, पान कधी बदललं, सध्या कोणाच्या ताब्यात, एवढे रकाने पुरतात. पावसाळ्यात नदीपात्रातल्या शेडमध्ये ढोल ठेवणाऱ्यांनी तर ती जरूर ठेवावी. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की रात्रीत ढोल हलवावे लागतात, आणि कोणता ढोल कोणाच्या जिन्याखाली गेला हे पंधरा दिवसांनी कोणालाच आठवत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पथकात गेले तर ‘मुलींनी झांज किंवा ध्वज घ्या, ढोल जड असतो’ असं सांगितलं. घरच्यांना विसर्जनाच्या गर्दीची काळजी वाटते. काय बघून पथक निवडू?
— एक विद्यार्थिनी, सातारा रोड, पुणे

ढोल जड असतो हे खरं, पण ध्वजाचं काम हलकं असतं हे कोणी सांगितलं? लांब काठीला बांधलेला ध्वज वारा भरला की खांद्यातून उखडायला बघतो आणि तो तासन्‌तास नाचवायचा असतो. तेव्हा वजनाचं कारण टिकत नाही. पुण्यातल्या शाळांच्या पथकांत मुली कित्येक दशकं ढोल वाजवत आल्या आहेत. ताकदीपेक्षा बांधणी महत्त्वाची. ढोलाचा भार खांद्यावर किंवा पोटावर न येता कमरेच्या हाडावर यायला हवा. बांधायचं कापड रुंद घ्या, अरुंद दोरी कमरेत रुतते. ढोल उंचीला बेतून निवडा. खालची कड चालताना गुडघ्याला लागत असेल तर तो ढोल तुमचा नव्हे, लहान घ्या. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांहून जास्त बांधून ठेवू नका.

गर्दीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर पथकाच्या तयारीत दिसतं. जाऊन चार गोष्टी विचारा.

दोर धरायला किती माणसं असतात? ३७ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पथकाचा घेर ८६ मीटर होतो. दर तीन मीटरला एक म्हटलं तर एकोणतीस माणसं लागतात, कोपऱ्यांवर दोन-दोन. ‘आमची दहा पोरं असतात’ असं उत्तर आलं तर लक्ष्मी रस्त्यावर तो दोर टिकणार नाही. दोर धरणाऱ्यांची तोंडं बाहेर, गर्दीकडे असतात का हेही बघा. ती आत वळली, म्हणजे दोरवाले वादन बघत बसले, की माणसं आत शिरतात.

स्वच्छतागृहाची सोय काय? मिरवणुकीत एकेका चौकात कितीतरी वेळ थांबावं लागतं. सोय नाही म्हणून मुली दुपारपासून पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतात. नीट पथक मार्गावरच्या ओळखीच्या वाड्यात, दुकानात किंवा शाळेत आधीच बोलून ठेवतं आणि त्याची यादी सगळ्यांना देतं.

तक्रार कोणाकडे करायची? दोन नावं ठरलेली हवीत, त्यात एक स्त्री, आणि दोघंही प्रमुखांचे नातलग किंवा जवळचे मित्र नकोत. प्रमुखाविरुद्धची तक्रार प्रमुखाकडेच न्यावी लागत असेल तर ती सोय कागदावरचीच.

आणि अठराच्या आतली मुलं पथकात असतील तर पालकांचं लेखी संमतिपत्र घेतात का? मुलांच्या बाबतीत लैंगिक छळाची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. ‘पथकाचं नाव खराब होईल’ म्हणून आतल्या आत मिटवण्याची मुभा कोणालाच नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, तातडीच्या मदतीचा ११२. घरच्यांना एखाद्या सरावाला सोबत न्या. सराव बघू न देणारं पथक सोडून द्या.

पथकात तीसपेक्षा जास्त वादक ठेवता येत नाहीत असा नियम आहे ना? आमच्याकडे नव्वद जण आहेत.
— पथकप्रमुख, पुणे

२०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी तिला स्थगिती दिली. त्या-त्या वर्षी पोलिसांनी घातलेल्या अटी मात्र लेखी घेऊन वाचा.

कायदा बाजूला ठेवला तरी नव्वद जणांचं पथक एका प्रमुखाला सांभाळता येत नाही. साठाच्या पुढे त्याला सगळ्यांची नावंही आठवत नाहीत, आणि ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला तो फक्त चुकल्यावर हाक मारतो. दहा-दहाच्या तुकड्या करा, प्रत्येकीला तुकडीप्रमुख द्या. नवा वादक, जुना वादक, विद्यार्थी, नोकरदार अशी मिसळ ठेवा, मैत्रीवर तुकड्या पाडू नका. हजेरी, आजारपण, घरी पोचल्याचा निरोप हे सगळं तुकडीप्रमुखाकडे. पाच-सहा ढोलांमागे एक ताशा हे प्रमाण धरा. ताशे कमी पडले की ढोलवाले एकमेकांचं ऐकून वाजवतात आणि लय पळते.

आमच्या सोसायटीपासून दीडशे मीटरवर दोन महिने रोज सराव चालतो. वडील आजारी आहेत. बोलायला गेलो तर मुलं ‘सणाच्या विरोधात आहात’ म्हणतात.
— एक रहिवासी, पुणे

तुम्ही सणाच्या विरोधात नाही आणि ती मुलंही तुमच्या वडिलांच्या विरोधात नाहीत. आवाजाचं गणित दोघांपुढे ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर १०० डेसिबल असेल तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२, १६० वर ७६. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र राज्य सरकार जाहीर करू शकतं. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नियमांखाली प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. मोबाइल ॲपवरचा आकडा अंदाजापुरता घ्या.

हेच गणित सांगतं की मैदान शंभर मीटर पुढे सरकवून काही साधत नाही. आवाज मुळातच कमी करायला हवा. पथकाकडे या मागण्या घेऊन जा: पहिले दोन-तीन आठवडे नव्यांचा सराव टायरवर व्हावा, ढोल बांधूच नयेत. पाठांतरासाठी पूर्ण पथक लागत नाही, दहा ढोलांत हात पक्के होतात. पूर्ण पथकाचा सराव आठवड्यातून दोनच दिवस, सात ते नऊ, आणि त्याचं वेळापत्रक सोसायटीच्या फलकावर. सोबत एका जबाबदार माणसाचा फोन क्रमांक. आमचा आग्रह आहे की हे वेळापत्रक पथकांनी कोणी मागायच्या आत स्वतः नेऊन द्यावं. ज्या पथकाचा प्रमुख वाद्यपूजनाला शेजारच्या सोसायट्यांना बोलावतो, त्याच्याविरुद्ध सहसा पोलिसांत कोणी जात नाही. एवढं करूनही ऐकलं नाही तर लेखी तक्रार पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

कानात बोळे घातले की पथकातले हसतात. बोटं फुटून रक्त आलं तर कौतुक करतात. खरंच काही होतं का कानाला?
— ताशावादक, नाशिक

होतं, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतली निऑश ही संस्था जे प्रमाण वापरते त्यात ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९१ ला दोन तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. पथकाच्या मध्ये उभं राहिलं की आवाज सहज शंभरावर असतो. वादनानंतर कानात शिट्टी वाजते ती ‘वादन झकास झाल्याची’ खूण नसून इजेची आहे.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. फोमचे प्लग घ्या. प्लग बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर बसलेला नाही. नीट बसला तर पंधरा-वीस डेसिबल कमी होतात, म्हणजे १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. लय ऐकू येत नाही ही तक्रार पहिले तीन-चार सराव राहते, मग उलट तर्रीचा एकेक आघात वेगळा ऐकू येतो. लहान मुलं पथकात असतील तर त्यांना प्लगशिवाय उभं करू नका.

रक्ताचं कौतुक बंद व्हायला हवं. फुटलेल्या बोटाने वाजवणारा काडी चुकीची धरतो आणि लय बिघडवतो. बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळा, फोड आला तर कातडी ओढू नका, धुऊन झाका, भोवती लाली पसरली तर डॉक्टरकडे जा. वागणं बदलायचं असेल तर प्रमुखाने आणि ताशाप्रमुखाने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर प्लग घालावेत. पथकात नियमापेक्षा वरच्यांच्या वागण्याची नक्कल जास्त होते.

आमचं गावचं ढोल-लेझीम पथक आहे, आजोबांच्या आधीपासूनचं. पूर्वी पुण्यातली मंडळं बोलवायची. आता शहरातली पथकं आली आणि आम्हाला दोन तासांच्या सुपारीसाठी दिवसभर ताटकळत ठेवतात. शहरातली मुलं येऊन आमचे हात मोबाइलवर टिपून नेतात.
— मुळशी तालुक्यातील वाचक

हे पत्र फार मोलाचं आहे. पुण्याच्या मिरवणुका मुळशी, मावळ, भोर भागातल्या ढोल-लेझीमवर उभ्या राहिल्या आणि शहरी पथकं त्यानंतर आली. शहरातली मुलं हौसेने, खिशातले पैसे घालून वाजवतात. त्यामुळे मंडळांना वादन म्हणजे हौसच, असं वाटू लागतं, आणि ज्यांचं एका दिवसाचं शेत किंवा रोजगार बुडतो त्यांचा हिशेब मागे पडतो.

सुपारी तोंडी घेऊ नका. एका पानावर एवढं लिहा: पोचण्याची वेळ, प्रत्यक्ष वादनाचे तास, त्यापुढे थांबावं लागलं तर दर तासाची रक्कम, माणसं किती, जेवण आणि पाणी कोणाकडे, टेम्पोचं भाडं वेगळं, निम्मी रक्कम आगाऊ, मिरवणूक रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत नाही. थांबण्याची रक्कम लिहिली की मंडळं वेळेवर बोलावतात. शिकायला येणाऱ्यांना जरूर शिकवा, पण पूर्ण पथकाचं शुल्क ठरवून, आणि ते हात वाजवताना गावाचं नाव पुकारायचं या अटीवर. नाव घेणारी पथकं आहेत, त्यांनाच शिकवा.

तरुण मुलं हिंजवडीला कामाला जातात म्हणून संध्याकाळचा सराव जमत नसेल तर शनिवार-रविवारी ठेवा. जुन्या वादकांच्या तोंडून बोल म्हणवून, संथ लयीत, एकेक हात स्वतः ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्याची प्रत गावातल्या दोन घरांत असू द्या.

चामड्याच्या पानाबद्दल: भिजल्यावर ते सैल पडतं म्हणून मुलं जाळावर धरतात आणि मग ते तडकतं. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ओलं असताना करकचून ताणून ठेवलं तर वाळताना आकसून फाटतं, म्हणून वादन संपल्यावर दोरी थोडी सैल करा. भर पावसातल्या सुपारीसाठी फायबरच्या पानांचे तीन-चार ढोल वेगळे ठेवायला हरकत नाही. चामड्याचा घुमारा त्यांना येत नाही, पण भिजल्यावर ते बसत नाहीत.

पथकातल्या दोघातिघांच्या रीळ गाजल्या आणि आता सगळे कॅमेऱ्यासाठीच वाजवतात.
— एक ध्वजधारी, ठाणे

कॅमेरा दिसला की हात उंच जातो, उंच गेलेलं टिपरू उशिरा खाली येतं, आणि ते भरून काढायला वादक पुढचा ठोका घाईने मारतो. लय पळायचं हे एक नेहमीचं कारण आहे. रांगेत फोन नको, असा नियम करा. चित्रण दोन ठरलेल्या माणसांनी करायचं, पथकाच्या खात्यावरच टाकायचं, लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारून. आणि ताशा, टोल, दोर धरणारे, टेम्पो भरणारे यांचीही पाळी लावा. पथकाच्या खात्यावर सतत एकाच वादकाचा चेहरा दिसू लागला की बाकीच्यांची हजेरी उतरते.

न्यू जर्सीत आम्ही पंधरा कुटुंबं मिळून पथक सुरू करतोय. भारतातून ढोल विमानाने सोबत आणता येतील का?
— एक वाचक, न्यू जर्सी

बहुतेक विमान कंपन्या २३ किलो आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर एवढं सामान धरतात. दोन फुटी ढोलाच्या दोनच बाजूंची बेरीज १२२ होते, तिसरी मिळवली की मर्यादा ओलांडते आणि जादा आकाराचं शुल्क पडतं. ताशे सामानात सहज बसतात, ते सोबत आणा. ढोल पंधरा कुटुंबांनी मिळून एकदाच जहाजाने मागवा. पानं फायबरचीच घ्या, कारण हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत चामडं तडकतं. सुटी पानं, दोरी आणि टिपरू दुप्पट मागवा, तिथे आयत्या वेळी मिळणार नाहीत. मोकळ्या जागेत सराव करण्याआधी गावाच्या कार्यालयातून आवाजाचे नियम विचारून घ्या. आणि ढोल कोणाच्या गराजमध्ये राहणार, ते कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं तर ढोल कुठे जाणार, हे पैसे गोळा करतानाच लिहून ठेवा.